घड्याळजींचं अडलेलं टपाल

१

चार पत्रं हरवली होती. ती सापडली तेव्हा मात्र हरवण्यापेक्षा मोठा गहजब झाला, कारण ती घरातच सापडली.

नेमकं सांगायचं तर ती घरच्या दुकानातल्या संगणकात सापडली. ‘पाठवली’ म्हणून सूनबाईने सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलेली ती चार ई-मेल बाहेर जायच्या खोक्यात एकामागे एक मुकाट बसून होती. समुद्राकाठच्या एका दूरच्या शहरात मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ बंद पडलं होतं. ते काम कुणाला द्यायचं हे ठरवण्याआधी तिथल्या इंजिनियरसाहेबांना आपल्या शंकांची उत्तरं हवी होती. त्यांनी वाट पाहिली, पाहिली, आणि आज सकाळी सरळ फोनच केला. संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत उत्तरं आणि आराखडे दुकानाच्या पत्त्यावरून आले तर ठीक, नाहीतर काम दुसरीकडे.

फोन ठेवून दादा वळले. दादा म्हणजे दुकानाचे मालक आणि त्या भागातले सगळ्यात जुने घड्याळजी. सून धरून सगळे त्यांना दादाच म्हणत. ते कधी आवाज चढवत नसत, म्हणून त्यांच्या रागाची जास्तच भीती वाटायची.

“पाठवली म्हणालीस.”

“पाठवलीच होती, दादा. मधला प्रॉक्सी पुढे जाऊ देत नाही. कधी जाऊ देतो, कधी नाही.”

“कधी देतो, कधी नाही!” दादा म्हणाले. “यंत्र लहरीवर चालत नसतं. लहरीवर माणसं चालतात. मला खोटं खपत नाही, सूनबाई. सोमवारपासून तू कामाच्या टेबलावर बसायचं नाहीस. बाहेर काउंटर सांभाळ.”

मुलाने घड्याळं सोडून जहाजावरची नोकरी धरली तेव्हा खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं होतं. त्या टेबलावर येऊन बसली ती सून. दातेरी चाक कापायला घेतलं की तिला जेवणाची शुद्ध राहत नसे. मनोऱ्याचं काम मिळालं तर त्यातली मोठी चाकं तू काप, असं दादा स्वतःच्या तोंडाने बोलले होते. आता मनोराही हातचा जाणार होता आणि टेबलही. तिला रडू नाही, संताप आला. मागच्या खोलीत जाऊन तिने फोन लावला.

“मावशी, उद्या येणार होतात ना? आजच याल का?”

“निघालेच,” पलीकडून उत्तर आलं. “आणि मी येतेय हे घरात कुणाला बोलू नकोस. माझी चाहूल लागली की बिघाड शहाण्यासारखे वागायला लागतात.”

२

नेटमावशी हे काही तिचं नाव नव्हे. पण आसपासच्या निम्म्या कचेऱ्यांतल्या वायरी तिने जोडल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांतल्या दुसऱ्यांनी जोडलेल्या निस्तरल्या होत्या, त्यामुळे ते चिकटलं ते चिकटलंच. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली, खुर्ची दिसली की आधी बसून घेणारी बाई. बिघाड हा माणसाच्या स्वभावासारखा असतो, असं तिचं मत होतं. दटावून विचारलं तर तो लपतो, आणि गप्पा मारत बसलं तर आपल्या पायाने बाहेर येतो.

ती दुकानात शिरली तेव्हा बारा वाजत आले होते. म्हणजे तिच्या मनगटावर. दुकानात म्हणाल तर वाटेल ते वाजलं होतं. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं होती, कुणी साडेतीन दाखवत होतं, कुणी पावणेआठ. शोकेसमधली मनगटी घड्याळं ओळीने दहा वाजून दहा मिनिटांवर थांबून हसत होती. शोकेसच्या कोपऱ्यात एका स्क्रीनवर गोल तबकडीचं चित्र होतं, त्यावर नुकते अकरा वाजत होते. मागच्या खोलीत उंच लंबकाचं घड्याळ होतं, तेवढं एक मावशीच्या मनगटाशी सहमत होतं.

“तुम्ही उद्या येणार होतात ना?” शोकेसमागून एक बारीक, गोरीपान बाई फडकं हातात घेऊन उठली. या आक्का, दादांच्या थोरल्या बहीण. शोकेस त्यांचं राज्य होतं. “उद्या मी लवकर येऊन सगळं चकचकीत करणार होते. बाहेरचं माणूस आलं आणि काचेवर बोटं दिसली तर मला रात्री झोप लागत नाही हो.”

“मला काचेवरची बोटं आवडतात, आक्का,” मावशी म्हणाली. “त्यावरून घरात कोण कोण आहे ते कळतं.”

सूनबाईने तिला मागच्या खोलीत आणलं आणि आपल्या संगणकापुढे बसवलं. मावशीने आधी वेबसाइटी उघडून पाहिल्या. भराभर उघडल्या. मग मेलचा प्रोग्राम उघडून ‘पाठवा’वर टिचकी मारली. चक्र फिरलं, फिरलं, आणि पाटी आली: प्रॉक्सीने ओळख नाकारली.

“हा प्रॉक्सी म्हणजे नक्की करतो तरी काय?” सूनबाईने विचारलं. “बसवणारे येऊन बसवून गेले. दादांना विचारायची सोय नाही.”

“दारावरचा माणूस समज. आपण आपली चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची, तो बाहेर देतो. बाहेरचं उत्तर तोच आत आणतो. वेबसाइट बघायची तर तो काही विचारत नाही. मेल पाठवायची तर ओळखीचा पास मागतो. तुमच्याकडे तसं ठरवून ठेवलंय, आणि बरं केलंय.”

“मग पासवर्ड चुकतोय का?”

मावशीने पासवर्ड पाहिला, प्रॉक्सीचा पत्ता पाहिला, पोर्टचा आकडा पाहिला. सगळं बरोबर होतं. इतकं बरोबर की तिला त्याचाच संशय यायला लागला. चुकीच्या पासवर्डाने मेल कधीच जात नाही. हिची मेल कधी कधी जात होती.

तेवढ्यात तिचं लक्ष कळफलकाकडे गेलं. अक्षरांवर बारीक, पिवळसर, चमकणारे डाग होते. तिने बोट लावून नाकाशी नेलं.

“सूनबाई, तू संगणकाला बसताना हात धुतेस?”

“साबणाने. दोनदा. दादांचा नियम आहे.”

“मग या कळांवर घड्याळाचं तेल कुणी सांडलं?”

३

दादा सोडले तर दुकानात तेलाच्या हाताचं अजून एकच माणूस होतं. कारागीर. दादांबरोबर उमेदीच्या दिवसांपासून काम केलेला, कपाळावर भिंग चढवून हिंडणारा आणि संगणकाचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारा. त्याचं टेबल सूनबाईच्या टेबलाला लागून होतं. मावशी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली.

“तुम्हाला मेल आवडत नाही म्हणे.”

“आवडायचं काय त्यात? माणसाने माणसाशी फोनवर बोलावं. हे म्हणजे बाटलीत चिठ्ठी घालून नदीत सोडायची आणि काठावर बसायचं.”

“आणि ते काय?” मावशीने त्याच्या टेबलावरच्या वेटोळ्याच्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्याची वायर आणि सूनबाईच्या संगणकाची वायर एकमेकींच्या गळ्यात गळे घालून भिंतीत शिरत होत्या.

“घड्याळात चुंबक शिरलं की ते पुढे पळायला लागतं. ते चुंबक काढायचं यंत्र आहे.”

 सूनबाईला वाटलं, सापडला चोर. मावशीने कारागिराला ते यंत्र चालू करायला सांगितलं आणि स्वतः वेबसाइटी उघडत बसली. त्या पहिल्यासारख्याच भराभर उघडल्या. यंत्र बंद केलं. मेल तरीही अडली. चालू केलं. अडली.

“हे नव्हे,” मावशी म्हणाली. “वायरीत खोट असती तर सगळंच अडखळलं असतं. आता तेलाचं बोला.”

“कसलं तेल?”

“कळांवरचं.”

कारागिराने भिंग डोळ्यावर घेतलं, काढलं, परत घेतलं. त्याचे कान लाल झाले. “जेवणाच्या सुट्टीत,” तो शेवटी पुटपुटला, “ते पत्ते असतात ना त्यात. एकट्याने लावायचे. तेवढेच. मेलला हात लावला असेल तर हे हात झडोत.”

सूनबाई हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू होतं. “अहो काका, सांगायचं की! मी काय पत्ते खेळू नका म्हणाले असते?”

“दादांना कळलं असतं,” कारागीर म्हणाला. “मी तीस वर्षं या खोक्यांना नावं ठेवतोय.”

मावशीला तो खरा वाटला. चोराला चोरीची लाज नसते, पत्त्यांची मात्र असते, असं काहीतरी ती मनात म्हणाली. “पण तुम्ही शेजारीच बसता. हे कधी चालतं, कधी अडतं, यात तुम्हाला काही मेळ दिसतो?”

“मेळ कसला! हवेवर आहे सगळं. गारठा पडला, आक्कांचा गुडघा धरला, की समजायचं आज मेल बंद. या आठवड्यात रोज धरलाय, रोज बंद आहे. मी तर म्हणतो, त्या खोक्याला तेल चोळण्यापेक्षा आक्कांच्या गुडघ्याला चोळा.”

स्वतःच्या विनोदावर तो खुशीत हसला. सूनबाईही हसली. मावशी मात्र हसायचं विसरून गेली.

४

“मी कशालाही हात लावला नाही,” दादा म्हणाले.

ते लंबकाच्या घड्याळासमोर उभे होते. रोज दुपारी ते त्याच्यासमोर थोडा वेळ उभे राहत, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नसे. मावशीला ते माहीत नव्हतं, आणि असतं तरी ती बोललीच असती.

“मी तसं विचारलंच नाही, दादा. मी विचारलं, प्रॉक्सी बसवायला लोक आले होते, ते नंतर परत आले का?”

“दोनदा आले. बिघाड आहे म्हणून सूनबाईने बोलावलं. दोन्ही वेळा सगळं लख्ख चालू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू एकटं वाटतं म्हणून मीच त्यांना चहाला बोलावलंय. तेव्हापासून माझा संशय बळावला. परक्या माणसासमोर यंत्र चालतं आणि घरच्यांसमोर चालत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा मी?”

“ते येणार हे आधी ठरलेलं होतं?”

“म्हणजे काय! आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं होतं.”

“प्रॉक्सीचं मशीन कुठे ठेवलंय तुम्ही?”

“बाहेर, शोकेसच्या कोपऱ्यात. लाइन तिथूनच आत येते. नुसतं काळं खोकं वाईट दिसत होतं, म्हणून त्याच्या स्क्रीनवर मी घड्याळाची तबकडी लावून घेतली. दुकानाला शोभेल असं.”

मावशीने मान डोलावली. मग तिने लंबकाकडे पाहत सहज विचारलं, “हे फारच छान चालतं हो. रेडिओवरून लावता?”

दादांचा चेहरा असा झाला, जणू ती त्यांच्या वडिलांबद्दल काही वावगं बोलली असावी. “या दुकानाने गावाला वेळ दिली आहे, बाई. कुणाकडून घेतली नाही. पूर्वी कचेऱ्यांचे शिपाई इथे यायचे वेळ विचारायला. सूनबाईचा संगणकही मी या घड्याळावरच लावतो, स्वतःच्या हाताने.”

“आणि प्रॉक्सी?”

“तोही त्याच दिवशी लावला. ती माणसं म्हणत होती, हा बाहेरून कुठूनतरी आपोआप वेळ मागवून घेतो. मी म्हणालो, बंद करा ते! घड्याळजीच्या घरात वेळ बाहेरून मागवायची? हसतील लोक. दोन्हीकडचं बंद करायला लावलं.” दादा थांबले. “आता याला हात लावणं म्हणत असाल तर म्हणा.”

 मावशीने पहिल्यांदाच आपल्या खांद्यावरच्या पिशवीची चेन लावली. ओळखणाऱ्याला कळलं असतं, की आता तिला अवजारं लागणार नव्हती.

५

सूनबाई मागे धावत आली. “मावशी, दुपार कलली. काही कळलं का? नसेल तर तसं सांगा. मी स्वतः गाडीत बसून आराखडे नेऊन देते.”

“पोचशील परवा. बस इथे.” मावशीने तिला आपल्याजवळ बसवून घेतलं. “मला एवढंच सांग. मेल चालते त्या दिवशी दिवसभर चालते?”

“हो. आणि अडते त्या दिवशी दिवसभर अडते. मध्येच असं कधी होत नाही. मी मेलला बसते ती सगळ्या घड्याळांना चाव्या देऊन झाल्यावर. तोवर दिवसाचं जे ठरायचं ते ठरलेलं असतं.”

“म्हणजे सकाळीच काहीतरी होतं. रोज होतं. आणि तेच रोज होत असूनही एखाद्या दिवशी त्याने बिघडत नाही.” मावशी बोटांवर मोजत म्हणाली. “ज्या दिवशी गुडघा धरतो, त्या दिवशी बिघडतं. ज्या दिवशी पाहुणा येणार असतो, त्या दिवशी बिघडत नाही. आज मी न सांगता आले, आणि बिघाड मला दारातच भेटला. मी त्याच्या शेजारून चालत आत आले गं, आणि मला दिसला नाही!”

“कोण? काय दिसलं नाही?”

“या दुकानात तो कुणालाच दिसला नसता. दुसरीकडे कुठेही असता तर शेंबड्या पोरानेही दाखवला असता.”

सूनबाईला हे बोलणं मुळीच आवडलं नाही. तिचं टेबल जायला बसलं होतं आणि या बाईला कोडी सुचत होती. “मावशी, मला सरळ सांगा. घरातलंच कुणीतरी करतंय?”

“घरातलंच,” मावशी म्हणाली. “एकाने दार उघडं टाकलंय आणि दुसरं माणूस रोज त्यातून आत जातंय. दोघांनाही पत्ता नाही. सगळ्यांना पुढे बोलाव. आणि आक्कांसाठी खुर्ची घे.”

६

पुढच्या दालनात सगळे जमले. दादा हाताची घडी घालून उभे राहिले. कारागीर दाराला टेकला. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सूनबाईने दाराची पाटी उलटी केली.

“आक्का,” मावशी गोड आवाजात म्हणाली, “शोकेस एवढी देखणी ठेवता, मला शिकायचंय. सकाळी आल्या आल्या काय काय करता, ते करून दाखवता का? अगदी तसंच.”

आक्कांना एवढंच हवं होतं. त्या गुडघा सांभाळत उठल्या. “आता हे बघा. दहाच्या टोल्याला मी घरून निघते. दहा मिनिटांची वाट. गुडघा धरला की तीच तासाची होते. बसत बसत यावं लागतं. आज अकरा वाजून गेले होते. आल्यावर पिशवी इथे. पदर खोचायचा. मग घड्याळं. माझ्या बाबांनी शिकवलंय, शोकेसमधलं घड्याळ नेहमी दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवावं. काटे दोन्हीकडे वर जातात, घड्याळ हसरं दिसतं. रडकं घड्याळ कोण विकत घेणार?”

त्या ओळीने दाखवत गेल्या. एखाद्या घड्याळाची चावी ओढून काटे बंद केलेले असत, एखादं राहून गेलेलं चालू असे, ते त्या परत दहा-दहावर आणून थांबवत.

“आणि सगळ्यात आधी हे,” आक्का कोपऱ्यात पोचल्या. “हे मेलं फार द्वाड आहे. याला चावीच नाही. थांबवता येत नाही. रात्रभर चालत राहतं. म्हणून आल्या आल्या पहिल्यांदा याला धरायचं.”

आणि सगळ्यांच्या देखत आक्कांनी माऊस हातात घेतला, तबकडीवर टिचकी मारली, मिनिटांचा काटा पकडला आणि मायेने मागे मागे फिरवत प्रॉक्सीचं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवर नेऊन ठेवलं.

दादांची हाताची घडी सुटली.

“हे तुला कुणी शिकवलं?” दादांनी विचारलं.

“ते बसवणारे बारीक चणीचे होते ना, त्यांनी. मी विचारलं, काटे कसे हलवायचे? त्यांनी दाखवलं. फार सभ्य माणूस.”

कारागिराने दाराला टेकलेलं डोकं दारावरच हळूच आपटलं.

“आता ऐका,” मावशी म्हणाली. “मेलचा प्रोग्राम दर वेळी नवा पास बनवतो आणि त्यावर आत्ताची वेळ घालतो. कुणी जुना पास चोरून वापरू नये म्हणून. प्रॉक्सी तो पास घेतो आणि स्वतःच्या घड्याळात बघतो. चार-पाच मिनिटांचा फरक असेल तर सोडून देतो. आज सूनबाईच्या पासवर बारा वाजले होते आणि प्रॉक्सीच्या घड्याळात अकरा. त्याच्या हिशेबाने तिने अजून न वाजलेल्या वेळेचा पास आणला. तो म्हणाला, ही बाई खोटी आहे.”

“आणि आक्का वेळेवर आल्या की,” सूनबाई हळूहळू म्हणाली, “त्या पोचतात तेव्हा खरंच दहा-दहा झालेले असतात.”

“झालेले असतात! त्या चुकीचं काम करतात आणि ते बरोबर येतं. पाहुणे येणार असले की काच पुसायला लवकर निघतात, गुडघा धरला तरी दहा-दहाच्या सुमारास पोचतात, आणि पाहुण्यांसमोर यंत्र लख्ख चालतं. गुडघा धरला की सगळं गणित तासाने घसरतं. हेच घड्याळ बँकेत तासभर मागे असतं तर पहिल्याच माणसाने ओरड केली असती. पण घड्याळांच्या दुकानात चुकीची वेळ कोणाच्या डोळ्यात खुपणार? मी स्वतः पाहिलं आणि पुढे गेले. तरी एक राखणदार होता. बाहेरून वेळ मागवून प्रॉक्सीने स्वतःला कधीच दुरुस्त केलं असतं. तो राखणदार...” तिने वाक्य अर्धंच सोडलं.

ते पूर्ण करायची गरज नव्हती. सगळे दादांकडे पाहत होते, आणि दादा लंबकाच्या खोलीकडे पाहत होते.

७

“लावा ते,” दादा शेवटी म्हणाले. “बाहेरच्या वेळेवर.”

मावशीने प्रॉक्सीचं काम तिथेच उरकलं. मग सगळी वरात मागच्या खोलीत सूनबाईच्या संगणकापाशी आली. तो दादांच्या घड्याळावर लावलेला होता, त्यामुळे ही खरी परीक्षा होती. मावशीने टिचकी मारली. स्क्रीनवरची वेळ क्षणभर थबकली आणि हलली.

कारागीर भिंग लावून वाकला होता. “दोन सेकंद, दादा. त्यांची वेळ आपल्यापेक्षा दोन सेकंद पुढे आहे.”

“चुकली असेल त्यांची,” दादा म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. ते हसले तसं सगळं घर हसलं. फक्त आक्का मुसमुसत होत्या. त्यांना आपण फार मोठा गुन्हा केला असं वाटत होतं. मावशीने त्यांना जवळ घेतलं आणि सांगितलं, की त्या स्क्रीनवर दहा-दहाचं एक चित्रच लावून देते, कधीही न हलणारं. आक्कांनी डोळे पुसून विचारलं, तबकडी निळी मिळेल का?

सूनबाईने ‘पाठवा’वर टिचकी मारली. या वेळी चक्र फिरलंही नाही. चारही पत्रं आराखड्यांसकट निघून गेली, आणि खोकं रिकामं झालं. इंजिनियरसाहेबांची कचेरी बंद व्हायला अजून बराच अवकाश होता.

तिने खुर्चीत अंग टाकलं. तिच्यामागे दादा उभे होते. ते घसा खाकरत होते, आणि त्यांना माफी मागणं जमत नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. कारागिराला अचानक बाहेर काहीतरी काम आठवलं. मावशीने चहाचा कप तोंडाला लावून तोंड लपवलं.

“सूनबाई,” दादा म्हणाले, “मी तुला खोटारडी म्हणालो. तू खरं बोलत होतीस. खोटं माझ्या दुकानातलं घड्याळ बोलत होतं, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही. ते मला फार लागलंय.”

“मलाही लागलं होतं, दादा,” ती म्हणाली. मान वळवली नाही. “अजून लागतंय.”

“लागू दे. तो तुझा हक्क आहे.”

इतक्यात संगणक किणकिणला. उत्तर आलं होतं, दोन ओळींचं. आराखडे पोचले, शंका फिटल्या, काम तुमचं. कामाची मुख्य जबाबदारी घेणाऱ्या कारागिराचं नाव लगेच कळवावं, आजच कागद करायचे आहेत. सूनबाईने ते मोठ्याने वाचलं. तिने दादांचं नाव लिहायला घेतलं. पत्रं नेहमी त्यांच्याच नावाने जात.

दादांनी तिचा हात धरला.

“माझं नको. चाकं कोण कापणार आहे?”

तिने वळून पाहिलं.

“तुझं लिही.”

“एकटीचं?” तिने विचारलं. “आणि तुम्ही?”

“मी येईन ना, एकेक पायरी चढत. मोठा मनोरा आहे, हाताखाली हत्यारं देणारं कुणी लागेलच,” दादा म्हणाले. “मदतनिसाचं नाव कुणी विचारलेलं नाही.”

सूनबाईने स्वतःचं नाव लिहिलं, एकदा वाचलं, आणि पाठवून दिलं.